पायजम्याचा चुकीचा पाय

मी हरवले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या इमारतीत सध्या जी हकीकत फिरते आहे तिच्यात मी परदेशात चार तास बेपत्ता होते, पोलीस मला शोधत होते आणि शेवटी एका बाकावर रडताना सापडले. यातलं बाक तेवढं खरं आहे. माझी बॅग जिथे पोचायला हवी होती तिथे मिनिटाचाही उशीर न होता पोचली. मी मागाहून पोचले. एवढंच झालं, आणि ते का झालं तेही सांगते, म्हणजे मला जिन्यात गाठून विचारायची कुणाला गरज उरणार नाही.

बत्तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिवणशिक्षिकांच्या एका संस्थेमार्फत परदेशातल्या एका बाईंशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. दोघींची इंग्रजी मोडकी, पण टाका सगळीकडे टाकाच असतो. मी त्यांना काजाचे नमुने पाठवायची, त्या मला पडद्यांच्या चुण्यांचे. मग त्यांनी लिहिलं, तीन आठवडे आमच्या घरीच राहायला या, विमानतळावरून आगगाडीने साडेचार तास, मध्ये गाडी बदलायची नाही. मी त्याच दिवशी 'येते' असं उत्तर टाकलं आणि मग घरी सांगितलं. आधी विचारलं असतं तर उत्तर टाकायची वेळच आली नसती.

संस्थेच्या अर्जात 'सोबतच्या व्यक्तीचे नाव' असा रकाना होता. मी तिथे रेघ मारली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला.

"रकाना रिकामा चालत नाही."

"पण सोबत कोणी नाहीये."

"बासष्ट वय, आणि सोबत कोणी नाही? साहेब मला विचारतील ना बाई."

मी अर्ज ओढून घेतला आणि रकान्यात 'स्वतः' असं लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. रकाना भरलेला होता, त्याला तेवढंच हवं होतं.

चिरंजीवांचं मात्र इतक्या सहज भागणारं नव्हतं. माझा मुलगा गुणी आहे आणि सून त्याच्याहून गुणी आहे. पण दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून दोघांनी एकच धोशा लावलाय की आई, तुझं घर बंद कर आणि आमच्याकडे ये. त्यांनी माझ्यासाठी एक खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे, फिकट गुलाबी. त्या खोलीत शिवणयंत्राला जागा नाही, कारण 'आता कशाला त्रास घेतेस'. माझ्या दोन खोल्यांत खिडकीपाशी माझं पायमशीन आहे. सकाळी डाव्या बाजूने त्यावर उजेड येतो. दार मी माझ्या हाताने उघडते आणि माझ्या हाताने लावते. मला हा एवढा त्रास हवा आहे. मी 'नाही' म्हटलं की मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारतो.

त्यात निघायच्या आठवड्यात समोरच्यांनी बातमी आणली. समोरच्यांना इमारतीत 'अनुभवी' म्हणतात. ते एकदा आठ दिवस सहलीच्या बसमधून परदेश पाहून आलेत. बसमधून ते फोटोपुरते आणि शौचालयापुरतेच खाली उतरले, पण तेव्हापासून आम्हाला परदेशाची माहिती कमी पडलेली नाही. ते म्हणाले, "काल तुम्ही बाहेर होतात तेव्हा चिरंजीव एका माणसाला घेऊन आले होते. मोजपट्टी होती त्याच्याकडे. खिडक्या मोजत होता. दलाल असावा."

माझ्या खिडक्या. ज्यांचे पडदे मी सहा वेळा बदलले त्या.

संध्याकाळी मी मुलाला सरळ विचारलं. तो म्हणाला, "नुसती चौकशी होती गं. तू हो म्हटल्याशिवाय मी काही करणार आहे का?" मग म्हणाला, "बरं, एक ठरवूया. तिकडे उतरल्यापासून त्यांच्या घरी पोचेपर्यंत तुझा मदतीसाठी एकही फोन आम्हाला आला नाही, तर मी हा विषय परत काढणार नाही. पण एक जरी फोन आला..."

"तर मी गुलाबी खोलीत येईन," मी म्हटलं. "आता तुझ्याकडची किल्ली दे."

त्याने दिली. इतक्या खुशीने दिली की मला संशयच आला. जाताना अनुभवींकडे वर्षानुवर्षं ठेवलेली तिसरी किल्लीही मी मागून घेतली. ते दुखावले. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं विचारलं आणि तशाही स्थितीत आत जाऊन एक लोखंडी साखळी आणि कुलूप घेऊन आले. "परदेशातले चोर शिकलेले असतात. गाडीत बसल्या बसल्या बॅग सीटच्या पायाला बांधायची. आमच्या बसमध्ये आम्ही सगळ्यांनी बांधल्या होत्या." घराच्या तीन किल्ल्या आणि कुलपाची एक, अशा चारही किल्ल्या मी जाड काळ्या नाडीत ओवून गळ्यात घातल्या आणि निघाले.

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते ठरल्या ठिकाणी उतरलं. गाडीही वेळेवर सुटली. डबा क्रमांक तीन, खिडकीची जागा. मी खाली वाकून सीटच्या लोखंडी पायाला साखळीचे तीन वेढे दिले, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. डब्यात दुसऱ्या कुणीही काहीही बांधलेलं नव्हतं. शेजारी एक आजोबा बसले होते, ते माझ्या बॅगेकडे असे पाहत होते की जणू ती चावत असेल. मी त्यांना मानेने नमस्कार केला.

थोड्या वेळाने सातव्या डब्यातून त्यांची बायको आली. तिच्या डोक्यावर हिरवी विणलेली टोपी होती, म्हणून मी त्यांना टोपीवाल्या बाई म्हणेन. नवराबायको उभ्या उभ्या बोलली, ब्रेडचा तुकडा वाटून खाल्ला, आणि बाई जायला वळल्या तेव्हा आजोबांनी त्यांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मला ते बघवेना. एवढ्या वयाची माणसं, एकाच गाडीत, आणि जागा वेगवेगळ्या डब्यांत.

मी उठले आणि खुणेने म्हटलं, तुम्ही इथे बसा, मी तिकडे जाते. बाईंनी हात हलवून नकार दिला. आता हे समजून घ्या की आपल्यात पहिला नकार हा नकार नसतो, तो शिष्टाचार असतो. दुसरा नकार म्हणजे संकोच. तिसऱ्या नकाराला माणसाला खांद्याला धरून बसवायचं असतं. बाईंनी तिन्ही नकार दिले, आजोबांनी वर खिडकीबाहेर बोटं नाचवत एक लांबलचक भाषण केलं. मी खांद्याला धरून बाईंना बसवलं. बॅग तिथेच राहू दिली, कारण साखळी बांधायला मला पाव तास लागला होता आणि उतरायच्या आधी मी परत येणारच होते. मग बाईंच्या तिकिटावरचा नंबर पाहून सातव्या डब्यात जाऊन बसले आणि बाहेरची हिरवी शेतं पाहत स्वतःवर फार खूश झाले. परदेशात पाऊल ठेवून चार तास झाले नव्हते आणि माझ्या हातून एक पुण्य घडलं होतं.

दुपारी एका मोठ्या जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली. गाडीत काहीतरी घोषणा झाली, ती अर्थातच त्यांच्या भाषेत. इतक्यात टोपीवाल्या बाई धापा टाकत आल्या, माझी बाही ओढायला लागल्या आणि पुढच्या डब्यांकडे बोट दाखवायला लागल्या. मला वाटलं, जागा परत द्यायला आल्या बिचाऱ्या. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "अहो, बसा तिकडेच, मला काही त्रास नाही." त्यांनी पुन्हा ओढलं. मी पुन्हा छातीवर हात ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याशेजारच्या रिकाम्या जागेवर धपकन बसल्या आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापून आणणाऱ्या मुलीकडे मी जशी पाहायचे तशा माझ्याकडे पाहत राहिल्या.

गाडी हलली असं मला वाटलं. पण हललो आम्ही नव्हतो. खिडकीतून मला गाडीचा पुढचा भाग दिसला, चार डबे, डावीकडे वळून निघून जाताना. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत आजोबा उभे होते आणि दोन्ही हात डोक्याला लावून माझ्याकडे बघत होते. मी दाराकडे धावले. दार बंद झालं होतं. मग आम्हीही हललो, उजवीकडे.

टोपीवाल्या बाई पाकिटाच्या पाठीमागे रेघा काढून समजवायला लागल्या. मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि रेघांखाली पायजम्याचं चित्र काढलं. कमरेपाशी एक, खाली दोन पाय. त्यांनी डाव्या पायावर बॅग काढली आणि उजव्या पायावर आम्ही दोघी. त्या उजव्या पायाच्या टोकाला बहिणीकडे निघाल्या होत्या, आजोबा डाव्या पायाच्या टोकाला आपल्या घरी, आणि म्हणूनच त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. ती दोघं एकमेकांचा निरोप घेत होती. मी त्यांना बळजबरीने एकत्र बसवलं होतं. बत्तीस वर्षं मी पोरींना पायजमा बेतायला शिकवला, आणि आज चुकीच्या पायात शिरून बसले होते.

त्यानंतरची चाळीस मिनिटं कशी गेली ते खरं सांगते. पासपोर्ट आणि फोन पर्समध्ये होते. फोनमध्ये एक दाबला की मुलाला लागतो, त्यानेच तसं करून दिलंय. माझा अंगठा एकवर होता. मला भीती वाटत होती, चांगलीच. फोन लावला असता तर त्याने दहा मिनिटांत सगळं निस्तरलं असतं, रागावलाही नसता, आणि हेच मला सहन होणारं नव्हतं. तो प्रेमाने म्हणाला असता, "असू दे गं आई, होतं असं." मग मी फिकट गुलाबी भिंतीकडे बघत बसले असते. मी फोन चष्म्याच्या डबीत घातला, डबी पर्सच्या तळाशी आणि पर्स मांडीखाली. मग त्यावर ठामपणे बसले.

टोपीवाल्या बाईंनी मात्र त्यांच्या नवऱ्याला फोन लावला. ती त्यांची घरगुती बाब होती, आमच्या अटीत बसत नव्हती. बातमी अशी आली की गाडीचा तो अर्धा भाग वेळेवर पोचला आहे, बॅग जागेवर आहे, आणि साखळी कुणालाही निघत नाही.

उजव्या पायाच्या टोकाला एक लहानसं स्टेशन होतं, तिथे बाई मला हाताला धरून अधिकाऱ्याकडे घेऊन गेल्या. तो लाल मिशांचा, सभ्य माणूस होता आणि त्याला इंग्रजी येत होती. त्याने आधी हरवलेल्या सामानाचा अर्ज काढला. मी म्हटलं, सामान हरवलेलं नाही, ते बरोबर ठिकाणी आहे. त्याने विचार केला आणि दुसरा अर्ज काढला, हरवलेल्या प्रवाशाचा.

"हा नातेवाइकाने भरायचा असतो," तो म्हणाला. "नातेवाइकाचं नाव, नातं आणि फोन नंबर सांगा. आम्ही कळवतो त्यांना."

"कुणाला कळवायचं नाही."

"पण अर्ज नातेवाइकानेच भरायचा असतो."

"द्या इकडे," मी म्हटलं. नाव माझं लिहिलं. नातं, 'स्वतः'. फोन, तोच, चष्म्याच्या डबीतला. त्याने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. सगळीकडचे कारकून एकाच ताग्यातून बेतलेले असतात.

अर्ज घेऊन तो आत फोनवर बोलायला गेला आणि मी ज्या बाकाबद्दल इमारतीत बोलतात त्या बाकावर बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते वाऱ्याने. तो बाहेर आला तेव्हा जरा काळजीत होता. तिसरा डबा परतीच्या गाडीला जोडायचा होता आणि बेवारशी बॅग आत बांधलेली असताना नियमाने तो हलवता येत नव्हता. "मॅडम, तुम्ही किल्ली द्या. पुढच्या गाडीच्या गार्डबरोबर ती पाठवतो. तुम्ही इथे आरामात बसा, ज्यांच्याकडे निघालात त्यांना गाडी घेऊन यायला सांगतो. तुम्हाला काहीच करायला नको."

काहीच करायला नको. हे वाक्य मी दोन वर्षं दर रविवारी ऐकत होते.

"किल्ली मिळणार नाही," मी म्हटलं. "बॅग माझी, साखळी माझी, उघडणार मी. पुढची गाडी किती वाजता आहे ते सांगा."

"मग ते साखळी कापतील."

"कापू द्या. पण मी येतेय म्हणून कळवा."

टोपीवाल्या बाईंना यातलं किती समजलं कोण जाणे, पण त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्यामुळे बहीण ताटकळली होती तरी मला गाडीत बसवूनच त्या गेल्या.

परतीच्या गाडीत तपासनीस आला. माझं तिकीट डाव्या पायाचं, मी उजव्या पायावरून येत होते, आणि त्याला इंग्रजी अजिबात येत नव्हती. मी पाकिटावरचा पायजमा दाखवला. त्याने तो आडवा धरला, उभा धरला, मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो इतका हसला की शेजारच्या डब्यातला त्याचा सहकारी बघायला आला. मग दोघांनी मिळून डाव्या पायावर बाण काढून दिला. हसू दे. तिकिटाबद्दल काही बोलले नाहीत.

जंक्शनवर मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून योग्य गाडीत चढले. खिडकीची जागा होती. गाडी सुटायच्या आधी एक उंच माणूस बायकोबरोबर आला, मोठं खोकं घेऊन, आणि खुणेने विचारू लागला की माझी मागची जागा घ्याल का, आम्हाला एकत्र बसायचंय. मी म्हटलं, "नाही."

मला वाटलं तो आता दुसऱ्यांदा विचारेल, मग त्याची बायको विचारेल, मग ती दोघं मला खांद्याला धरून उठवतील. तो "बरं" अशी मान हलवून निघून गेला. रागावला नाही, तोंड पाडलं नाही. एका नकारात काम झालं. पुढचा तासभर मी त्याच विचारात होते. मी त्या बाईंचा नकार शिष्टाचार समजून तीन वेळा ढकलला होता. आणि माझा मुलगा माझ्याशी दोन वर्षं हेच करत होता. त्याला तरी काय बोल लावू, हे त्याला शिकवलं मीच.

डाव्या पायाच्या टोकाला उतरले तेव्हा आजोबा फलाटावर उभे होते. मला पाहून त्यांनी टोपी काढली आणि मला रुळांपलीकडे बाजूला काढून ठेवलेल्या एकुलत्या एका डब्याकडे घेऊन गेले. आत माझ्या जागेशेजारी एक रुंद बांध्याच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर थर्मास, बोटात शिवतानाचं अंगुस्तान तसंच राहिलेलं. समोर रेल्वेचे दोघे जण मोठी कातर घेऊन उभे होते आणि कंटाळले होते. याच माझ्या पत्रांतल्या पडदेवाल्या बाई. त्या मला न्यायला स्टेशनवर आल्या होत्या, मी उतरले नाही, पण आजोबांनी त्यांना बॅग दाखवली. तेव्हापासून त्या चार तास बॅगेवर एक हात ठेवून बसून होत्या.

"मी त्यांना म्हटलं," त्या म्हणाल्या, "जिने बांधली ती येऊन सोडेल. कापायची नाही."

मी गळ्यातून नाडी काढली, खाली वाकले आणि कुलूप उघडलं. तीन वेढे सोडले. कातरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, बहुधा सुटका झाली म्हणून. पडदेवाल्या बाईंनी थर्मासमधला चहा मला दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाचा फोन आला होता. पोचल्या का विचारत होता."

मी पेला खाली ठेवला. "काय सांगितलंत?"

"त्यांची बॅग माझ्या शेजारी आहे म्हटलं. खरंच तर होतं." मग थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या, "मलाही एक मुलगा आहे. मी गाडी चालवू नये म्हणतो." आणि त्याच गाडीत बसवून, स्वतः चालवत, त्या मला घरी घेऊन गेल्या.

त्यांच्या उंबऱ्याच्या आत दोन्ही पाय टाकले आणि मग मी चष्म्याची डबी उघडली. चूपचाप जिंकता आलं असतं, पण लपवून जिंकलेल्याला काय अर्थ आहे? मी मुलाला सगळं सांगितलं, जागा, जंक्शन, पायजमा, अर्ज, कातर, सगळं.

"आई, मग फोन का नाही केलास?"

"तुझीच अट होती."

"अगं अट गेली खड्ड्यात, काही झालं असतं तर?" त्याचा आवाज कापत होता, आणि मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.

"झालं ते मी निस्तरलं," मी म्हटलं. "आता नीट ऐक. मी गुलाबी खोलीत येणार नाही. हा माझा पहिला नकार आहे आणि शेवटचाही. पुन्हा विचारायचं नाही."

मला वाटलं आता तो समजूत घालेल. पण तो हळूच म्हणाला, "बरं." मग घसा खाकरला. "आई, एक गोंधळ झालाय. मला वाटलं होतं तू विमानतळावरूनच फोन करशील. मी दलालाला उद्या सकाळची वेळ देऊन बसलोय, गिऱ्हाईक घेऊन येणार होता. म्हटलं, अनुभवींकडे एक किल्ली असतेच. आता त्याला नको म्हणून कळवतो."

मी गळ्यातली नाडी चाचपून पाहिली. तिन्ही होत्या.

"कळवू नकोस," मी म्हटलं. "येऊ दे त्याला."

तो दुसऱ्या दिवशी आला होता. अनुभवी सांगतात, मोजपट्टी घेऊन अर्धा तास दाराबाहेर उभा होता, मग दाराची रुंदी मोजून निघून गेला.